गवताची प्रकृती आणि कॅमेऱ्याची नजर : तेरेखोलच्या निमित्ताने एक आढावा

गोव्याच्या नकाशात तेरेखोल शोधायचे तर बोट अगदी वरच्या टोकाला न्यावे लागते. पेडणे तालुक्यातले हे छोटे गाव तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर आहे. उरलेला गोवा नदीपलीकडे, केरीच्या फेरीबोटीच्या अंतरावर. जमिनीने लागून आहे तो सिंधुदुर्ग जिल्हा. सावंतवाडीकर भोसल्यांचा इथला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि नदीच्या उत्तरेचा हा तुकडा तेव्हापासून गोव्यात राहिला. अलीकडच्या काळात मात्र तेरेखोलचे नाव वर्तमानपत्रांत येते ते किल्ल्यापेक्षा गोल्फमुळे. लीडिंग हॉटेल्स या कंपनीने इथे १८ होलचे गोल्फ मैदान आणि त्यासोबत पर्यटन प्रकल्प उभारण्याचे ठरवले. ग्रामस्थांपैकी अनेकांनी आणि गोवा फाउंडेशनसारख्या संस्थांनी त्याला हरकत घेतली. कुळांचे हक्क, काजूच्या बागायती, सड्यावरचे पाणी असे प्रश्न न्यायालयांपर्यंत आणि हरित लवादापर्यंत गेले.

त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. पण त्यातून एक प्रश्न वेगळा काढता येतो. गोल्फ मैदान फार पाणी पिते आणि फार औषधे मागते, हा जगभरचा जुना आक्षेप. त्यावर गेल्या पंधराएक वर्षांत एक नवे उत्तर दिले जाऊ लागले : ड्रोन, उपग्रह आणि खांबावरच्या कॅमेऱ्यांनी हिरवळीची प्रकृती रोज तपासता येते, त्यामुळे पाणी लागेल तिथेच आणि औषध लागेल तेवढेच देता येते. हे उत्तर कितपत खरे आहे, कोकणपट्टीच्या हवेत ते कुठवर टिकते आणि मूळ आक्षेपांपैकी किती त्याच्या कक्षेत येतात, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : नारळापासून हिरवळीपर्यंत

डोळ्यांना न दिसणारा आजार कॅमेऱ्याला दिसू शकतो, ही कल्पना गोल्फची नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने हिरव्या रंगाच्या जाळ्यांखाली दडवलेली ठिकाणे ओळखण्यासाठी अवरक्त फिल्म वापरली गेली. जिवंत पान आणि हिरवा रंग फासलेले कापड डोळ्यांना सारखेच दिसते. अवरक्त प्रकाशात मात्र दोन्ही साफ वेगळी पडतात. १९५६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट कोलवेल यांनी याच फिल्मने धान्यपिकांवरचे रोग हवेतून ओळखता येतात, हे दाखवले.

भारतात या विद्येची सुरुवात नारळाच्या झाडाने केली, ही गोष्ट किनारपट्टीच्या वाचकाला जवळची वाटावी. केरळात नारळाच्या मुळांना आणि शेंड्याला ग्रासणारा रोग पसरला होता. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांची छायाचित्रे घेतली गेली. भारतातील दूरसंवेदनाचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो आणि पिशारोटी या शास्त्राचे भारतातील जनक.

१९७२ मध्ये अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. त्याच्या चित्रांवर काम करताना टेक्सासमधील संशोधकांनी एक साधे गणित रूढ केले. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून लाल प्रकाशाचे परावर्तन वजा करायचे आणि आलेल्या उत्तराला दोन्हींच्या बेरजेने भागायचे. मिळणारा आकडा उणे एक आणि अधिक एक यांच्या मध्ये असतो. एनडीव्हीआय या नावाने तो आज पीकविम्यापासून जंगलमोजणीपर्यंत सगळीकडे वापरला जातो. त्यामागचे कारणही सोपे आहे. निरोगी पानातले हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते आणि पानाची आतली रचना अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान थकले की लाल परावर्तन वाढते, अवरक्त घटते आणि आकडा खाली येतो.

हिरवळीच्या जगात हे सगळे उशिरा आले. तिथे अनेक दशके माणसाच्या डोळ्यावरच काम चालले. अमेरिकेतील राष्ट्रीय हिरवळ मूल्यमापन कार्यक्रमात गवताला १ ते ९ असे गुण देतात. ६ म्हणजे चालण्याजोगे. अडचण अशी, की एकाच वाफ्याला दोन जाणकार वेगवेगळे गुण देतात आणि एकच जाणकार सकाळी आणि दुपारी वेगळे देतो. २००१ मध्ये आर्कान्सा विद्यापीठातील रिचर्डसन, कार्चर आणि पर्सेल यांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने गवताचे आच्छादन टक्क्यांत मोजण्याची रीत मांडली. पुढे गडद हिरवेपणा मोजणारा निर्देशांकही आला. त्यानंतर ड्रोन स्वस्त झाले, अनेक प्रकाशपट्टे एकाच वेळी टिपणारे कॅमेरे मुठीत मावू लागले आणि प्रयोगशाळेतली रीत मैदानावर उतरली.

कॅमेरा नेमके काय पाहतो

आज वापरात असलेल्या साधनांचे तीन गट पडतात. पहिला गट साध्या रंगीत कॅमेऱ्यांचा. मोबाइलपासून खांबावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळे त्यात येतात. आच्छादन किती, पिवळेपणा कुठे, तण कुठे, हे त्यांना कळते. अलीकडे यंत्रशिक्षणाच्या मदतीने बर्म्युडा गवतातले तण चित्रावरून ओळखण्याचे प्रयोग फ्लोरिडा विद्यापीठासारख्या ठिकाणी यशस्वी झाले आहेत. दुसरा गट लाल, अवरक्त आणि त्यांच्या सीमेवरचा प्रकाश वेगवेगळा टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा. एनडीव्हीआय मिळतो तो यांच्याकडून. तिसरा गट उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा. मुळांना पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटते, बाष्पोत्सर्जन मंदावते आणि पानाचे तापमान चढते. ही चढण रंग बदलण्याच्या आधी होते. म्हणून पाण्याच्या ताणाची सर्वांत लवकर सूचना उष्णता-कॅमेरा देतो, याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही.

कॅमेरा कुठे बसवला आहे यावरही बरेच ठरते. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीची चित्रे फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा दिसते. पण तिच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. होलभोवतीची अतिबारीक कापलेली जागा, म्हणजे ग्रीन, साधारण पाचशे चौरस मीटरची. उपग्रहाच्या दृष्टीने ती पाच-सहा ठिपक्यांची, आणि त्यांतलेही काठचे ठिपके शेजारच्या वाळूत मिसळलेले. ग्रीनवर रोगाची सुरुवात होते ती रुपयाएवढ्या डागाने. तो या चित्रात दिसणे शक्य नाही. शंभर मीटरवरून उडणारा ड्रोन काही सेंटिमीटरचा ठिपका देतो, त्यामुळे डाग दिसू शकतो. पण ड्रोन उडवायला माणूस, परवानगी आणि मोकळे आभाळ लागते. खांबावरचा स्थिर कॅमेरा रोज, ताशीही पाहू शकतो. मात्र एका खांबाला एक-दोन ग्रीनच साधतात. गवत कापणाऱ्या यंत्रावरच कॅमेरा बसवण्याची चौथी वाटही आहे. यंत्र रोज फिरतेच, त्यामुळे वेगळी फेरी लागत नाही.

इथली हवा, इथले गवत

या विषयावरचे बरेचसे संशोधन थंड हवेच्या गवतांवर झाले आहे : अमेरिकेच्या उत्तर भागातले आणि युरोपातले बेंटग्रास, आणि त्यावरचा डॉलर स्पॉट हा बुरशीजन्य रोग. कोकणपट्टीत ते गवत टिकत नाही. इथे चालते ती हरळीच्या कुळातली संकरित बर्म्युडा, किंवा किनाऱ्याची खारी हवा आणि मचूळ पाणी सोसणारे पॅस्पॅलम. गणपतीला वाहायची दूर्वा आणि जगभरच्या मैदानांवरचे बर्म्युडा गवत यांचे शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. मैदानासाठी जे संकर वापरतात, त्यांतला टिफवे अमेरिकेतील टिफ्टन येथून १९६० मध्ये आला. हरळी चिवट असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण तीच रोज तीन-चार मिलिमीटरवर कापली, वर सतत चालले, पाणी आणि नत्र मोजून दिले, की तिचा चिवटपणा उरत नाही.

तेरेखोलसारख्या ठिकाणी वर्षाचे सरळ दोन भाग पडतात. जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पुढे डिसेंबर ते मे जवळजवळ कोरडे जातात. सड्यावरची जांभ्याची माती पातळ असते आणि पाणी धरून ठेवत नाही. म्हणून संकटेही दोन तऱ्हेची. पावसाळ्यात बुरशी : पिथियम, ऱ्हायझोक्टोनिया, पानांवरचे ठिपके, मुळांशी तुंबलेले पाणी. उन्हाळ्यात ताण : वाळणारे उंचवटे, खारवट वारे, पाण्याची ओढ.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही वाटणी महत्त्वाची आहे. रोगाचा जोर असतो तेव्हा आभाळ झाकलेले असते. उपग्रहाला आठवडेच्या आठवडे ढगांखाली काही दिसत नाही, ड्रोन पावसात उडत नाही, ओल्या पानांवरचे परावर्तन आकडे फिरवते. उलट, पाण्याचा ताण असतो तेव्हा आभाळ निरभ्र असते आणि तिन्ही प्रकारचे कॅमेरे उत्तम चालतात. म्हणजे कोकणपट्टीत कॅमेऱ्याचा उपयोग मुख्यतः पाण्याच्या हिशेबाला आहे. रोगाच्या इशाऱ्याला त्याहून बराच कमी. परदेशी जाहिरातींत या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. इथे त्या वेगळ्या मोजायला हव्यात.

पहिली भूमिका : पाहिले तर वाचवता येते

कॅमेऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे. अठरा होलच्या मैदानाचा पसारा पन्नास-साठ हेक्टरांचा असतो आणि त्यातली तीसेक हेक्टर जागा पाण्यावर असते. माणूस रोज सगळे फिरू शकत नाही, म्हणून पाणी देणारा सावधगिरीने जास्तच देतो. कुठे एखादा कोपरा कोरडा पडेल या भीतीने सगळ्या मैदानाला पाणी मिळते.

साधे गणित करून पाहू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात हवा दिवसाला पाच मिलिमीटर पाणी ओढते असे धरले आणि उष्ण हवेच्या गवताला त्यातले सत्तर टक्के पुरते असे मानले, तर तीस हेक्टरांना दिवसाला सुमारे साडेदहा लाख लिटर लागतील. उष्णता-नकाशा पाहून त्यातले पंधरा टक्के वाचवता आले, तर ते रोजचे दीड लाख लिटरांहून जास्त होतात. ही बचत किरकोळ नाही. औषधांचेही तसेच. सगळ्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या लांब हिरवळीवर, फवारण्याऐवजी तण असेल तेवढ्याच जागी फवारले, तर औषध वाचते आणि पावसाच्या पहिल्या सरीबरोबर ओहोळात जाणारा अंशही घटतो. तेरेखोलचा उतार थेट नदीमुखाकडे आणि समुद्राकडे जातो हे लक्षात घेतले, तर हा मुद्दा हलका नाही.

या बाजूचा आणखी एक मुद्दा नोंदींचा आहे. मैदान राखणारा अनुभवी सुपरिंटेंडंट नोकरी सोडून गेला की मैदानाची आठवण त्याच्यासोबत जाते. कोणता उंचवटा एप्रिलमध्ये आधी वाळतो, कुठे निचरा तुंबतो, हे तीन-चार वर्षांच्या चित्रांतून नव्या माणसाला समजते. निर्णयाचा आधार लेखी राहतो आणि तो कोणाला दाखवताही येतो.

दुसरी भूमिका : कुठे ते कळते, का ते नाही

मैदानावर हयात घालवलेल्या माणसांची शंका वेगळी आहे. ते कॅमेऱ्याला विरोध करत नाहीत. त्याच्या उत्तराला मर्यादा आहे, एवढेच म्हणतात. थर्मामीटर ताप सांगतो, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे सांगत नाही. एनडीव्हीआयचा घसरलेला आकडाही तसाच आहे. पाणी कमी, पाणी जास्त, नत्राची कमतरता, मुळांवरचे सूत्रकृमी, दबलेली माती, बुरशी, बोथट पात्याने फाटलेली पाती : या सगळ्यांत आकडा खालीच येतो. पाणी तुंबल्याने पिवळ्या पडलेल्या जागेला कॅमेऱ्याच्या भरवशावर आणखी पाणी दिले, तर इलाजच रोग होईल. शेवटी कोणीतरी तिथे जाऊन सुरीने मातीचा तुकडा काढायचा, मुळे पाहायची, ओलाव्याची सळई खुपसायची, हे टळत नाही.

त्यांचे आणखी तीन आक्षेप तांत्रिक आहेत आणि संशोधकही ते मान्य करतात. एक, दाट हिरवळीत एनडीव्हीआयचा आकडा वर जाऊन थांबतो. चांगले आणि उत्तम यांतला फरक तो दाखवत नाही. लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा प्रकाशपट्टा वापरला की ही अडचण कमी होते, पण संपत नाही. दोन, मैदानावर दिसणारे फिके आणि गडद पट्टे यंत्राच्या दिशेने वाकलेल्या पात्यांचे असतात. कॅमेरा त्यांनाही प्रकृतीचा फरक समजू शकतो. सकाळचे दव, माडांच्या सावल्या, ग्रीनवर नुकतीच पसरलेली वाळू यांनीही तसाच घोटाळा होतो. म्हणून ठरावीक वेळी उड्डाण आणि प्रत्येक वेळी प्रमाण-पट्टीवर कॅमेरा जुळवणे आवश्यक ठरते. तीन, हिरवे म्हणजे खेळायला चांगले असे नाही. चेंडू सरळ आणि वेगाने धावण्यासाठी ग्रीन थोडे भुकेले, थोडे कोरडे ठेवावे लागते. कॅमेऱ्याचा आकडा वाढवण्याच्या नादात मैदान अधिक हिरवे आणि अधिक तहानलेले होण्याचा धोका आहे.

खर्चाचाही एक हिशेब ते मांडतात. अठरा ग्रीन मिळून जेमतेम एक हेक्टर जागा होते आणि ती माळी रोज पहाटे पायाखाली घालतोच. तिथे कॅमेऱ्याने भर पडते ती थोडी. खरा फायदा माणसाचे लक्ष पोहोचत नाही अशा फेअरवेत आणि रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, आहे. पण त्या जागांवर थोडे कमी-जास्त झाले तर खेळाचे फारसे बिघडत नाही, म्हणून तिथे पैसे घालायला मालक राजी नसतात. सगळ्या जगाचा अनुभव साधारण असा, की कॅमेरा आधी ग्रीनवर बसतो आणि पाणी मुरते फेअरवेत.

तिसरी भूमिका : प्रश्न बचतीचा नाही, मुळाचा आहे

गावाच्या आणि पर्यावरणवाद्यांच्या बाजूने पाहिले, तर चर्चेची जागाच बदलते. त्यांच्या दृष्टीने ‘किती पाणी वाचेल’ याआधीचा प्रश्न ‘इतके पाणी इथे का लागावे’ हा आहे. वरच्याच गणिताकडे पाहा. जलजीवन मिशनचे ग्रामीण प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. त्या हिशेबाने साडेदहा लाख लिटर म्हणजे एकोणीस हजार माणसांचे पाणी. कॅमेऱ्याने पंधरा टक्के वाचवले, तरी सोळा हजार माणसांचे पाणी गवताला जातच राहते. गोल्फच्या बाजूचे लोक यावर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा पर्याय सुचवतात, आणि अनेक देशांत तो रूढ आहे. पण तेरेखोलएवढ्या लहान गावात इतके सांडपाणी तयार होत नाही. ते दुरून आणावे लागेल, किंवा प्रकल्पातच तेवढी वस्ती वाढवावी लागेल.

जमिनीचा प्रश्न तर कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरच आहे. गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज इतर कामाला वापरण्यावर बंधन घातले. काजूची बागायत ही शेती आहे, ती कसणारा कूळ आहे, असे म्हणणाऱ्याला हिरवळीच्या नकाशातून उत्तर मिळत नाही. गोल्फविरोधाला जागतिक इतिहासही आहे. १९९३ मध्ये आशियातील कार्यकर्त्यांनी जागतिक गोल्फविरोधी चळवळ उभी केली आणि २९ एप्रिल हा दिवस त्यासाठी ठरवला. तेव्हाचे आक्षेप जमीन, पाणी आणि रसायने या तिन्हींवर होते. कॅमेरा यांतल्या शेवटच्या दोहोंना स्पर्श करतो, तोही काही अंशी.

या बाजूकडून आणखी एक मुद्दा येतो, तो माहितीच्या मालकीचा. मैदानाचा मालक चित्रे काढतो, आकडे त्याच्याच संगणकात राहतात आणि ‘आम्ही पाणी वाचवले’ हे वाक्य तेवढे बाहेर येते. बचत कशाच्या तुलनेत झाली, हे तपासायला बाहेरच्याच्या हाती काही नसते. त्यातच ड्रोन गावावरून उडाला, तर तो गवताबरोबर परसू, विहीर आणि माणसेही टिपतो. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. अशा चित्रांना तो व्यवहारात कसा लागू करायचा, हे अजून घडायचे आहे.

मात्र कॅमेरा एकाच बाजूचा नसतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. सेंटिनेलची फुकट चित्रे ग्रामसभेलाही तितकीच उपलब्ध आहेत. २०१५ पासूनची वृक्षाच्छादनाची वर्षागणिक तुलना कोणीही करू शकतो. डिचोली आणि सत्तरीतल्या खाणींच्या वादाने उपग्रहचित्र हे पुराव्याचे साधन आहे, याची गोव्याला ओळख करून दिलेली आहे. एका ग्रीनवरचा डाग ज्या चित्रात दिसत नाही, त्यात काजूचा अख्खा डोंगर कापला गेला तर तो स्पष्ट दिसतो.

नियम आणि व्यवहार

भारतात ड्रोनचा व्यवहार २०२१ च्या ड्रोन नियमांनी चालतो. हवाई नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ निर्बंध आणखी कडक होतात. पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू असल्याने तालुक्याच्या बऱ्याच भागाला हे लागू होते. तेरेखोल त्या वर्तुळाबाहेर, पश्चिमेच्या टोकाला आहे. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना सूट आहे. व्यापारी वापराला देशी बनावटीचे यंत्र घ्यावे लागते.

किनाऱ्यावरच्या अडचणी याहून साध्या पण चिवट आहेत. खाऱ्या वाऱ्याने भिंगावर थर बसतो, दमट हवेत भिंगातच बुरशी धरते, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. खांबावरचा कॅमेरा रोज पुसणारा माणूस पगारावर असावा लागतो. माणसे कमी करण्यासाठी कॅमेरा, हा हिशेब इथे म्हणावा तितका जुळत नाही; माणसाचे काम बदलते, संपत नाही. गोव्यात मोबोर आणि काणकोणच्या राजबागेत रिसॉर्टला जोडलेली लहान मैदाने आहेत. त्या आकाराच्या मैदानांना ड्रोनचे भाडे परवडण्यापेक्षा जाणता माळी, ओलावामापक सळई आणि मोबाइलवर ठरावीक जागांचे दर आठवड्याचे छायाचित्र हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो.

काय सुटले, काय अजून खुले

तिन्ही भूमिका शेजारी ठेवल्या तर काही गोष्टींवर एकमत दिसते. उन्हाळ्यातला पाण्याचा ताण कॅमेरा माणसाच्या आधी ओळखतो. रंग आणि आच्छादन मोजण्यात तो माणसापेक्षा सातत्य राखतो. कारण ठरवण्यासाठी मात्र मातीत हात घालावा लागतो. या तीन विधानांवर वाद उरलेला नाही.

खुले प्रश्न चार आहेत. पहिला, रोग दिसण्यापूर्वी ओळखण्याचा. बेंटग्रासवरच्या डॉलर स्पॉटबाबत मिळालेले निष्कर्ष पॅस्पॅलम किंवा संकरित हरळीवरच्या पिथियमला लागू पडतील असे मानता येत नाही. पिथियम ओल्या, गरम हवेत रातोरात पसरते. दिवसाच्या एका उड्डाणाने त्याला गाठता येईल का, हे इथल्याच वाफ्यांवर तपासावे लागेल. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ या दोन संस्थांकडे त्यासाठी लागणारी माती, हवा आणि माणसे आहेत.

दुसरा प्रश्न बचतीच्या मोजमापाचा. कॅमेरा बसवण्याआधीचे एक-दोन वर्षांचे पाण्याचे मीटर-वाचन नसेल, तर नंतरची कोणतीही टक्केवारी तपासता येत नाही. तिसरा प्रश्न बचतीचे पुढे काय होते हा. वाचलेले पाणी विहिरीत राहते, की त्यावर आणखी दोन हेक्टर हिरवळ वाढते? शेतीत ठिबक आल्यावर अनेक ठिकाणी वाचलेल्या पाण्यावर ऊस वाढला, हा महाराष्ट्राचा अनुभव इथे आठवावा. चौथा प्रश्न माहिती कोणाला दिसावी हा. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये पाण्याचे मीटर आणि हिरवळीचे नकाशे सार्वजनिक करण्याची अट घातली, तर पहिल्या आणि तिसऱ्या भूमिकेतले अंतर थोडे तरी कमी होऊ शकेल. अशा अटीने मालकाचा दावा तपासण्याजोगा होतो आणि गावाची शंकाही.

आज चर्चा जिथे पोहोचली आहे, तिथून दोन प्रश्न वेगळे ठेवणे एवढे तरी साधता येते. उभे असलेले मैदान कमी पाण्यात, कमी औषधात कसे राखावे, हा शेतकी तंत्राचा प्रश्न आहे आणि त्यात कॅमेरा कामाचा आहे. नवे मैदान कुठे असावे आणि असावे का, हा जमीन, पाणी आणि हक्क यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मामलेदाराच्या नोंदीत, ग्रामसभेत आणि न्यायालयात शोधायचे आहे. पहिल्या प्रश्नाचे चांगले उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या जागी वापरले जाऊ नये, आणि दुसऱ्यावरच्या रागाने पहिल्यातले उपयुक्त तंत्र टाकूनही देऊ नये. तेरेखोलच्या बाबतीत क्रम उघड आहे : आधी दुसरा प्रश्न सुटला पाहिजे, पहिला त्यानंतरच उद्भवतो.